शंकेचं अंडं

त्या साली थंडीनं मुक्कामच ठोकला, आणि वीज मात्र पाहुण्यासारखी यायची. आली म्हणेपर्यंत निघालेली. वीज गेली की मागच्या खोलीतल्या पेटीची घरघर थांबायची आणि घरातली माणसं जिथं असतील तिथून उठायची. कुणाच्या हातात घास असो, कुणाच्या अंगाला साबण असो. चुलीवर पाण्याचं पातेलं कायमचं चढवलेलं होतं. उकळतं पाणी पत्र्याच्या डब्यांत भरायचं, डबे फडक्यात गुंडाळून पेटीच्या खालच्या फळीवर सरकवायचे, दार लावून वरून गोधड्या टाकायच्या. पाणी निवलं की पुन्हा तेच. आईच्या बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती.

पेटी म्हणजे कपाटाएवढं लाकडी खोकं. आतून पत्रा मारलेला, वर पंखा, बाजूला बल्ब, आणि मधे अंड्यांचे ट्रे. बापानं ती स्वतःच्या हातानं बांधली होती, म्हणून सगळे त्याला इंजिनियर म्हणत. निम्मे कौतुकानं, निम्मे टिंगलीनं. अंडी उबवायची, पिल्लं विकायची, त्यावर त्या घराचं चालायचं.

"दार सताड उघडू नका," आई बापाला म्हणायची.

"सताड कुठं? नाक जाईल एवढंच उघडलंय."

"मग नाक आत घाला आणि दार लावा."

लेक हसायची. हसता हसता तोंडावर हात दाबून मागच्या दारानं बाहेर पळायची, आणि मोरीजवळ वाकलेली तिची पाठ आईला खिडकीतून दिसायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. इतकी, की लोकांनी विचारायचंही सोडून दिलं होतं. जावई लांब कुठंतरी रस्त्याच्या कामावर खोदाईचं मशीन चालवायचा आणि तंबूत राहायचा, म्हणून थंडीपुरती ती माहेरी आली होती. आल्यावर पंधरवड्यातच हे सुरू झालं. वाकलेली ती पाठ बघितली की आईला वाटायचं, होऊ दे. आतडी बाहेर आली तरी होऊ दे. यासाठी काय काय केलं नाही.

मागची खेप मात्र निम्मी वाया गेली होती. पिल्लं न्यायला येणारा सायकलवाला रिकामी टोपली घेऊन दारात उभा राहिला, नाकाला रुमाल लावून.

"मावशी, पिल्लं देता का नुसता वास देता?"

"वास फुकट आहे, घेऊन जा," आईनं सांगितलं. पण तो गेल्यावर ती पायरीवर बसली ते बराच वेळ उठली नाही.

अंडी तपासायचं काम आईचं. पत्र्याच्या डब्यात बल्ब, डब्याच्या झाकणाला अंड्याच्या बुडाएवढं भोक. खोलीत अंधार करायचा आणि एकेक अंडं भोकावर धरायचं. अंडं आतून नारिंगी पेटतं. काहीच नसेल तर ते कोरं; बाजूला. आत लाल शिरांचं जाळं पसरलेलं असेल आणि मधे एक ठिपका उडत असेल तर ते चालू. शिरा विरून रक्ताचं नुसतं कडं राहिलं असेल तर ते गेलं. या कामातलं आईचं कसब असं, की तिच्या हातात अंडं दोन श्वासांच्या वर राहायचं नाही. गावात तिला बत्तीवाली म्हणत ते उगाच नाही.

पण काही अंडी कशातच बसायची नाहीत. शिरा आहेत पण फिक्या, ठिपका आहे पण उडतोय की नाही कळत नाही. ती शंकेची. त्यांचा ट्रे वेगळा. तो बल्बाजवळ, सगळ्यांत उबेच्या जागी ठेवायचा आणि पिल्लं निघायच्या दिवसापर्यंत त्यातलं अंडं परत बत्तीवर धरायचं नाही. लेक लहान असताना एकदा तिनं चोरून शंकेचं अंडं बघितलं होतं, तेव्हा आईनं तिचा कान पिळला होता.

"दर वेळी बाहेर काढलं की तेवढी ऊब जाते, कळतं का? तुला बघायची हौस, आणि जीव त्याचा जातो."

डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं ते सायकलवाला येऊन गेला त्याच आठवड्यात. टेम्पोत मागं बसून दोघी तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. बाकड्यावर बसवून लेकीला पाणी प्यायला लावलं, एक बाटली, मग दुसरी.

"आई, आता आणखी प्याले तर मी इथंच फुटेन."

"फूट, पण आत गेल्यावर."

आत खोलीत अंधार होता. आईला बरं वाटलं. अंधारात बघायचं काम तिच्या ओळखीचं होतं. डॉक्टरीणबाई तरुण, स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या. त्यांनी लेकीच्या पोटावर बाटलीतनं काहीतरी चिकट ओतलं आणि लेकीचं अंग शहारलं. "आई गं!"

"अहो बाई, जरा कोमट करून लावता येत नाही का?"

"दोन मिनिटांत अंगाएवढं गरम होतं ते, मावशी." डॉक्टरीणबाई हसल्या आणि यंत्राची मूठ पोटावर फिरवू लागल्या.

पडद्यावर करडं धुकं होतं. धुक्यात एक काळा डोह आला, डोहाच्या काठाला तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्या दाण्यात लुकलुक.

आई पुढं झुकली. जन्मभर तिनं कवचातनं जे बघितलं होतं तेच हे. फक्त लाल नव्हतं. चांगल्या अंड्यातला ठिपका घाईत असतो, कुठंतरी पोचायचं असल्यासारखा. हा तसा नव्हता. हा थांबून थांबून लुकलुकत होता, म्हातारं माणूस जिना चढतं तसा. एक पायरी. मग दम. मग एक पायरी.

"ठोके आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेकीनं आईचा हात धरला. "पण मंद आहेत. या दिवसांत ते खूप भरभर पडायला हवेत. आणि वाढही थोडी मागे वाटते. कधी कधी दिवस मोजण्यात चूक झालेली असते, तसंही असू शकतं. आठवड्या-दहा दिवसांनी परत बघू. तोवर मी चांगलंही सांगणार नाही आणि वाईटही सांगणार नाही."

"काही गोळी, इंजेक्शन?" आईनं विचारलं.

"याला औषध नसतं, मावशी. नेहमीसारखं राहायचं. पण परत या. नक्की या."

येताना टेम्पो खड्ड्याखड्ड्यांतून उसळत होता आणि आईनं लेकीच्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घातला होता. शेजारचा माणूस म्हणाला, "मावशी, पळून जाणार नाही ती." आईनं हात काढले नाहीत. अर्ध्या वाटेवर लेक तिच्या कानाशी म्हणाली, "तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"काय वाटलं तुला?"

आई रस्त्याकडे बघत राहिली. "शंकेचं आहे," ती म्हणाली. "कोरं नाही."

"शंकेची निघतात?"

"निघतात की. ती लंगडी कोंबडी आठवत नाही का? शंकेतलीच होती. सगळ्या अंगणावर राज्य केलं तिनं."

हे खोटं नव्हतं. लंगडी शंकेतलीच होती. पण शंकेच्या ट्रेमधून बहुतेक वेळा काय बाहेर काढावं लागतं, ते आईला ठाऊक होतं आणि लेकीलाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर आईनं बापाला पेटीच्या खोलीत खाट टाकायला लावली. सगळ्या घरात तेवढी एकच खोली उबदार. बाप म्हणाला, "म्हणजे आता माझी पोरगी पण पेटीत?"

"तुमची पेटी चालत असती तर पोरीला कशाला बसवलं असतं राखणीला?"

बापानं खाटेचे पाय कापून बुटकी केली, म्हणजे उठता-बसता पोटाला ताण नको. डोक्याशी फळी ठोकली. वर एक कपडाही ताणला, छतातून भुसा गळतो म्हणून. "पंखा तेवढा बसवायचा राहिला," तो म्हणाला.

मग काही दिवस असे गेले, की पुढं आईला ते आठवायचंही धाडस होईना.

लेकीला जड उचलू द्यायचं नव्हतं. अंडी फिरवण्याचं काम तिच्याकडं आलं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल. सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळे गोल वर. ती गुडघ्यांवर ट्रे घेऊन बसायची आणि बोटांनी अंडी वळवत पोटातल्याशी बोलायची. आधी मनात, मग हळूहळू मोठ्यानं.

"हे बघ, ही तुझी आजी. हिच्या तोंडाला लागायचं नाही. आणि हे आजोबा, यांनी दिलेल्या खुर्चीवर बसायचं नाही, मोडते."

"अगं, त्याला कान फुटले नाहीत अजून," बाप बाहेरून ओरडायचा.

"तुम्हाला तरी कुठं फुटलेत?" आई म्हणायची, आणि तिघंही हसायची. वीज नसायची, पाणी उकळत असायचं, बाहेर गवतावर पांढरं दहिवर पडलेलं असायचं, आणि त्या खोलीत इतकं हसू असायचं. इतक्या वर्षांत लेक अशी हसली नव्हती. आई चुलीजवळ बसून ते ऐकायची आणि फुंकणीनं जाळ फुलवायची. डोळ्यांत पाणी आलं तर धुराचं म्हणायची सोय होती.

दवाखान्यात परत जायचा दिवस आला आणि गेला. सकाळी लेकीनं केस विंचरले, चप्पल घातली. आई दारात उभी राहिली.

"एवढ्या गारठ्यात? त्या टेम्पोतनं? परत ते गार पाण्यासारखं ओतणार पोटावर."

"बाईंनी बोलावलंय गं."

"बघून काय होणार आहे? औषध नाही म्हणाल्या ना? मग? थोडं ऊन पडू दे. लागू दे त्याला नीट."

लेक उंबऱ्यात थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं चप्पल काढली, आणि चप्पल काढताना तिच्या तोंडावर जे दिसलं ती सुटका होती की काय, हे आईनं तेव्हा निरखून बघितलं नाही.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. लेकीनं आईच्या हातात दिला. मागं मशीनची घरघर चालू होती आणि तो ओरडून बोलत होता.

"आई, दवाखान्यात नाही गेलात?"

"अहो, इथं हाडं गोठतात माणसाची. तुम्ही तिकडे बसून काय सांगता?"

"पण डॉक्टर म्हणाले ना?"

"डॉक्टरांनी किती अंडी उबवलीत?" आई म्हणाली. फोनवर तो हसला. त्याला हसायला काय, त्यालाही तेच हवं होतं. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. "तिला जपा म्हणजे झालं."

मग एका सकाळी लेक पोटभर जेवली. भाताचं ताट पुसून घेतलं आणि आणखी मागितलं. बाप खूश. "आता लागतंय अंगाला. बघ, रंग पण आला." आईनं वाढलं. वाढताना तिच्या लक्षात आलं, की कालही लेक मोरीकडे पळाली नव्हती. परवाही नाही. अंगणातली ती जागा, जिथं रोज राख टाकावी लागायची, कोरडी पडली होती.

"मळमळत नाही का गं?"

"नाही. बरं वाटतंय." लेकीनं घास तसाच हातात धरला. "बरं असतं ना ते? थांबलं तर?"

"असतं की," आई म्हणाली. ती उठून मागच्या खोलीत गेली. वीज होती, पेटी घरघरत होती. तरी तिनं उगाच गोधडी नीट केली, परत नीट केली.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या कपड्यावर तपकिरी डाग दिसला. रुपयाएवढा. तिनं कपडा आईसमोर धरला, आणि मग स्वतःच जाऊन चप्पल घातली. या वेळी आई दारात उभी राहिली नाही.

खोली तीच, अंधार तोच. बाटलीतलं तेच गार ओतलं, पण लेक शहारली नाही. डॉक्टरीणबाई मूठ एका जागी धरून राहिल्या. मग त्यांनी पडदा हळूच स्वतःकडे वळवला.

"बाई, मला दाखवा," आई म्हणाली.

"मावशी..."

"मला दाखवा. मला बघता येतं."

त्यांनी पडदा वळवला. तोच डोह, तोच काठ. दाणा होता तेवढाच होता. मधले इतके दिवस त्याला लागलेच नव्हते. लुकलुक नव्हती. आई बघत राहिली. तिच्या हातातल्या अंड्याला मिळायचे त्याहून कितीतरी जास्त श्वास तिनं त्या दाण्याला दिले.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि लेकीच्या डोक्याशी बसून सांगितलं. सांगायची त्यांना सवय असावी, पण आवाज सवयीचा नव्हता. "मागच्या वेळेनंतर लगेचच थांबलं असणार. एखाद्या दिवसात. तुम्ही काही केलं म्हणून नाही, काही केलं नाही म्हणूनही नाही. वेळेवर आला असतात तरी मला काही करता आलं नसतं. सुरुवातीपासूनच त्यात जोर नव्हता."

आईला वाटलं, कुणीतरी पाठीवरची गोणी उतरवली. क्षणभरच. मग लेक म्हणाली, "मला कळलं तरी असतं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावरचं चिकट पुसायला घेतलं.

"इतके दिवस मी त्याला काय काय सांगत होते," लेक म्हणाली. "कुणाला सांगत होते मी?"

त्याच दुपारी पिशवी साफ करायला तिला आत नेलं. आई बाहेर बाकावर बसून राहिली. समोरच्या भिंतीवर तान्ह्या बाळाचं मोठं चित्र होतं, ते नको म्हणून ती फरशीकडे बघत होती. एक आया बादली घेऊन गेली, येताना म्हणाली, "पहिलंच का? होतं, बाई. पुढं होईल." तिनं हे आजवर किती जणींना सांगितलं असेल. आईनं मान हलवली. बाप घरी पेटीपाशी होता. वीज गेली तर कुणीतरी हवंच होतं. त्यानं दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा पाण्याचं विचारलं, किती डबे घालू. आईनं दोन्ही वेळा सांगितलं. दुसऱ्या वेळी तो फोन ठेवेना. "हं," तो म्हणाला. "हं." आणि तिकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

लेकीला वॉर्डातल्या खाटेवर आणून निजवलं तेव्हा तिचे ओठ कोरडे होते आणि डोळे उघडे. जावई निघाला होता. सकाळपर्यंत पोचणार होता. आईनं पाण्यात बोट बुडवून तिच्या ओठांवर फिरवलं. खिडकीच्या तुटक्या काचेला पुठ्ठा लावला होता आणि वारा लागला की तो फडफडायचा.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला," आई म्हणाली. हे बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. "पडद्यावर. ठोका बघितला आणि मला कळलं. मी ऊब, गारठा, टेम्पो काय काय म्हणत राहिले. परत बघायची मलाच भीती वाटत होती."

"माहीत आहे," लेक म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मी पडद्याकडे बघतच नव्हते त्या दिवशी." आवाज खोल गेलेला होता, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. "मला त्यातलं काय कळतं? मी तुझं तोंड बघत होते. लहानपणापासून तेच बघत आलेय मी. तू बत्तीवर अंडं धरायचीस आणि मी समोर बसून तुझं तोंड बघायचे. अंड्यात काय आहे ते मला नेहमी तुझ्या तोंडावरनंच कळायचं."

आईचा हात पाण्याच्या वाटीत तसाच राहिला.

"मग टेम्पोत विचारलंस कशाला?"

"तू निघतात म्हणशील म्हणून." लेकीनं डोळे मिटले. कडेनं पाणी कानाकडे ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. "तू म्हटलं असतंस तर मला खरं वाटलं असतं. म्हणालीस. आणि वाटलंही. तेवढे दिवस वाटलं."

आईला काहीतरी बोलायचं होतं. रागावशील का, असं विचारायचं होतं. रागाव, असं सांगायचं होतं. भाजलेल्या गुळगुळीत बोटांचे दोन्ही हात तिनं तोंडावर घेतले आणि ती खाटेच्या कडेला वाकली. तिची पाठ हलू लागली, आवाज न करता.

बाजूच्या खाटेवरच्या बाईनं कूस बदलली. पुठ्ठा फडफडला.

"आई," लेक म्हणाली. तिनं अशक्त हात वर केला, आईचं मनगट धरलं आणि खाली ओढलं. जोर नव्हता, तरी ओढलं. "झाकू नकोस."

"असू दे गं."

"नको झाकूस. मला बघू दे."

आईनं हात खाली घेतले. तोंड ओलं होतं, वाकडं झालं होतं, आणि त्यावर आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते तसंच तिनं लेकीसमोर धरलं, आणि लेक पुष्कळ वेळ त्याच्याकडे बघत राहिली.